दोन-तीन अंशांनी काय बिघडतं?
प्रश्न असा असतो की समुद्राचं पाणी दोन-तीन अंशांनी तापलं तर एवढं काय बिघडतं, मासे जरा खोल जातील. बिघडतं ते भुकेमुळे.

२०१४ ते २०१६ दरम्यान ईशान्य प्रशांत महासागरात कोमट पाण्याचा अवाढव्य पट्टा ठाण मांडून होता. समुद्रातल्या उष्णतेच्या या लाटेलाच ‘ब्लॉब’ म्हणतात. मासे थंड रक्ताचे. पाणी तापलं की त्यांची भूक वाढते. मोठे मासे जास्त खायला लागले आणि नेमके तेव्हाच छोटे मासे कमी आणि रोडावलेले. मधल्यामध्ये मेले ते याच छोट्या माशांवर जगणारे पक्षी. कॉमन मर या समुद्रपक्ष्याला रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास अन्न लागतं. काही दिवस उपास घडला की तो संपतो. २०१५-१६ मध्ये असे सुमारे ६२,००० पक्षी किनाऱ्यांवर मेलेले किंवा मरायला टेकलेले सापडले. पोटं रिकामी, अंगावर चरबीचा थर नाही. मला ते वाचून सुन्न व्हायला झालं. पुढे अलास्कातल्या वसाहतींच्या मोजणीवरून एकूण बळींचा अंदाज सुमारे ४० लाखांपर्यंत गेला.

आणि हो, समुद्रातली उष्णतेची लाट म्हणजे एखादा गरम दिवस नव्हे. त्या जागी, त्या ऋतूत नेहमी असणाऱ्या तापमानाच्या वरच्या दहा टक्क्यांत पाणी सलग पाच दिवस तरी राहावं लागतं.