रि: रि: शनिवारची धुरी, आत की बाहेर?

सचिव:
मंडळी, वुरुंजेरींकडून, म्हणजे इथल्या मेलबर्नच्या भूमीच्या मूळ लोकांकडून, होकार आला. वेलकम टू कंट्री (त्यांनी आपल्या भूमीवर पाहुण्यांचं करायचं स्वागत) आणि स्मोकिंग सेरेमनी (पाल्याची धुरी), मिळून अर्धा तास. पाला तेच आणतील. हॉलवाले आत धूर होऊ देणार नाहीत. दारासमोरच्या हिरवळीवर केलं तर दहाला ढोलपथक कुठे उभं राहणार? आजच ठरवा.

ढोलपथक:
हिरवळ आम्ही फेब्रुवारीतच मागितली होती, जुने मेल काढून बघा. आणि वेलकमची ही नवी टूम कशाला? चार ओळी आपणच म्हणून टाकू. डिजरीडू, ते फुंकून वाजवायचं लांब नळकांडं, हवंच असेल तर माझा भाचा वाजवतो, आरतीआधी घ्या.

शाळेची ताई:
भाऊ, आपण म्हणतो ते अॅक्नॉलेजमेंट, भूमीच्या मूळ लोकांची जाण ठेवणाऱ्या ओळी, त्या कुणीही म्हणाव्यात. वेलकम त्या भूमीच्याच लोकांनी करायचं. पाहुण्यानंच "या, बसा" म्हणायचं का?
टूम म्हणाल तर, १९७६ साली पर्थला पॅसिफिक बेटांवरचे कलाकार स्थानिकांनी स्वागत केल्याशिवाय नाचायला तयार होईनात, तेव्हा रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो या मूलनिवासी कलाकारांनी ते केलं. इथल्या कुलिन लोकांचं (वुरुंजेरी त्यांतलेच) तांडेरम, म्हणजे पाहुण्यांच्या स्वागताचा विधी, तर त्याहून कितीतरी जुनं.
डिजरीडू उत्तर ऑस्ट्रेलियातलं, आर्नहेम लँडचं. तिथले योल्ङू लोक त्याला यिडाकी म्हणतात; वाळवीनं आतून पोखरलेलं निलगिरीचं खोड असतं. मेलबर्नचं नव्हे ते. आपल्या नावावर कुणी भांगडा खपवला तर आपण किती मेल लिहू! इकडच्या मूळ लोकांतल्या बायका पॉसमच्या (झाडावर राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या) कातड्याची शाल घडी करून मांडीवर ताणून धरत आणि हातानं ठेका देत. माझ्या चौथीतल्या पोरांनी हे ऐकून दप्तरंच बडवायला घेतली. त्यांना पहिल्या रांगेत बसवा.

माई:
धुरीवरून आठवलं. नातीच्या वेळी मी ओवा-बाळंतशेपाची शेगडी केली, तर अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग रस्त्यावर! बाळाला धूर द्यायची रीत इथल्या मूळ लोकांतही काही ठिकाणी आहे म्हणे. वेलकमला कुणी आजी आल्या तर मला त्यांच्याशी बोलायचंय. चहा मी आणते.

खजिनदार:
माई, अलार्मचा विषय नको. गेल्या वर्षी कापरानं वाजला, अग्निशमनचं बिल मंडळानं भरलं, आरती समिती अजून गप्प आहे. आणि मानधनाचा आकडा कुणीच लिहिलेला नाही. कीर्तनकाराला आपण शाल-नारळावर बोळवत नाही, मग यांना चहावर का?

आरती समिती:
कापूर हॉलवाल्यांना विचारूनच लावला होता. बाकी प्रत्यक्ष भेटीत.

सचिव:
मानधन त्यांच्या दरानंच, उद्या भरतो. धुरी साडेनऊला हिरवळीवर, ढोल सव्वादहाला तिथेच. डिजरीडू नाही.

ढोलपथक:
सव्वादहा चालेल. भाच्याला मी सांगतो. हिरवळ मात्र आमच्याच नावावर राहू दे. ताई, पथकातली पोरं विचारताहेत, कमरेला ढोल बांधून धुरातून गेलं तर चालतं का? वुरुंजेरींना विचारून कळवा.