मदत हवी आहे : ट्रिप्टोफॅनमुळे दाह कमी होतो की वाढतो?

सायंतारा : बहिणीला संधिवात आहे, तिचा सीआरपी (रक्तातील दाहाचे मोजमाप) दर तपासणीत वाढलेलाच येतो आणि त्यात झोपही उडाली आहे. झोपेसाठी म्हणून तिने तीन आठवड्यांपूर्वी ट्रिप्टोफॅन सुरू केले. या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन (मनःस्थिती आणि झोपेशी संबंधित मेंदूतील रसायन) तयार होते असे एकीकडे वाचले, तर दाह असताना त्यापासूनच मेंदूला घातक असे काही तयार होते असे दुसरीकडे वाचले. दोन्ही खरे कसे असेल? कृपया हो किंवा नाही एवढेच सांगावे. डॉक्टरांना विचारा, हे उत्तर नको. ते आम्हालाही सुचते.

मोजपट्टी : मात्रा किती? ट्रिप्टोफॅनच आहे की ५-एचटीपी, म्हणजे त्यापासून सेरोटोनिन होण्याआधीचा पदार्थ? अन्य औषधे कोणती चालू आहेत?

जुना_सभासद : त्यापेक्षा ग्लायसिन हे दुसरे अमिनो आम्ल घ्यावे. मी दोन वर्षे घेतो आहे, सांधे आणि झोप दोन्ही सुधारली.

मोजपट्टी : ग्लायसिनचा दाहशामक परिणाम प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलेला आहे, आणि मुळात तो प्रश्नच नव्हता.

पेशीपुराण : दोन्ही खरे आहे. प्रथिनांसाठी न वापरलेल्या ट्रिप्टोफॅनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कायनुरेनिनच्या मार्गाने जातो, म्हणजे त्यापासून कायनुरेनिन हा पदार्थ बनतो. सेरोटोनिनच्या वाट्याला फारच थोडा येतो. दाहात इंटरफेरॉन-गॅमा हे रोगप्रतिकारक पेशींचे संदेशवाहक प्रथिन वाढले की ट्रिप्टोफॅनला या मार्गावर नेणारे आयडीओ हे विकर (एन्झाइम) अधिक सक्रिय होते आणि हा ओघ आणखी वाढतो. रक्तातील कायनुरेनिन मेंदूत शिरू शकते. तेथे मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी, त्यापासून क्विनोलिनिक आम्ल बनवतात (तुम्ही वाचलेले घातक ते हेच), जे चेतापेशींवरील एनएमडीए ग्राहींना उत्तेजित करते, तर अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी कायनुरेनिक आम्ल बनवतात, जे त्याच ग्राहींना अडवते. गंमत अशी की आयडीओचा हा मार्ग रोगप्रतिकारक टी-पेशींना आवरही घालतो, म्हणून त्याला सरसकट खलनायक ठरवणे मला पटत नाही. तेव्हा ‘कमी की वाढतो’ याचे एका शब्दात उत्तर नाही.

पहाटफेरी : व्यायाम हाच उपाय! २०१४ मध्ये उंदरांवरील अभ्यासात दिसले की व्यायामाने घडलेले स्नायू कायनुरेनिनचे रूपांतर कायनुरेनिक आम्लात करतात, आणि ते रक्तातून मेंदूत सहज जात नाही.

जुना_सभासद : सांधे सुजलेल्या व्यक्तीला पळायला सांगणार का? शिवाय १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या दूषित गोळ्यांमुळे दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले होते, हेही कोणीतरी सांगावे.

सायंतारा : एक ग्रॅम, रात्री. ५-एचटीपी नाही. संधिवाताची नेहमीची औषधे, आणि नैराश्यासाठी एसएसआरआय गटातील एक गोळी वर्षभरापासून. तिचा येथे संबंध वाटला नाही.

मोजपट्टी : संबंध तिचाच आहे. एसएसआरआय गोळ्या सेरोटोनिनचा प्रभाव वाढवतात, म्हणून त्या आणि ट्रिप्टोफॅन एकत्र घेतल्यास सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकते. थरथर, घाम, अस्वस्थता, जुलाब, ताप यांपैकी काही आहे का? एसएसआरआय मनाने बंद करू नये, पण आज रात्रीचे ट्रिप्टोफॅन डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये.

सायंतारा : परवापासून तिचे हात थरथरतात. आम्ही ते सांध्यांवर ढकलले होते. फोन लावते आहे.