शब्दचर्चा: सुपरहिरोच्या जुन्या ‘थीम’ला मराठीत काय म्हणायचं?

तिसरी घंटा

आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकात जेम्स गनच्या ‘सुपरमॅन’वर (२०२५) दीड पान लिहिलं होतं. त्यात एक साधं वाक्य होतं: ‘जॉन विल्यम्सची १९७८ची थीम इथे परत वापरलीय.’ अंकात इंग्रजी शब्द नकोत असा दंडक, त्यामुळे छापून आलं ते असं: ‘जॉन विल्यम्स यांच्या १९७८ मधील संकल्पनेचा येथे पुनर्वापर करण्यात आला आहे.’ तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतो, कुठली हो ती संकल्पना? विल्यम्स शास्त्रज्ञ होते का? (संगीतकार. १९७८च्या ‘सुपरमॅन’चे.)

ज्यांनी बदल केला त्यांना दोष देत नाही. निबंधाची थीम म्हणजे संकल्पना, बारशाच्या सजावटीची थीमही संकल्पना म्हणून खपून जाते. पण संगीतातली थीम कानाला ऐकू येते, गुणगुणता येते, अंघोळ करताना तोंडात बसते. तिला काय म्हणायचं? आणि ‘पुनर्वापर’ वाचलं की मला सांडपाणी प्रकल्प आठवतो. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचे सूर नव्या सिनेमात येतात तेव्हा क्रियापद कुठलं लावायचं? नाम आणि क्रियापद, दोन्ही हवंय.

पेटीचा भाता

‘धून’ आहे की. इतकं शोधायचं कशाला?

‘चाल’ चालणार नाही, कारण चाल लावतात ती शब्दांना. आरतीची चाल, पोवाड्याची चाल. ‘मुखडा’ गाण्याचा असतो आणि त्याच्यामागे अंतरा यावा लागतो. ‘शीर्षकगीत’ मालिकांनी अडवून ठेवलंय आणि त्यातही शब्द आले. शब्दांवाचून सुरांची ओळख टिकते ती धुनेत. बासरीवाले मैफल संपवताना पहाडी धून वाजवतात, ती तशीच.

तिसरी घंटा

तिथेच अडतंय. पहाडी धून म्हटलं की दहा मिनिटांची, सुरुवात-शेवट असलेली रचना डोळ्यापुढे येते. विल्यम्सचा सुपरमॅनचा मार्च, म्हणजे कवायतीच्या ठेक्यावरची रचना, तसा आहे, मान्य. पण संगीतकार डॅनी एल्फमनची १९८९च्या ‘बॅटमॅन’ची थीम? ती मोजून पाच सुरांची.

पेटीचा भाता

बरोबर पकडलंत. आत्ताच पेटीवर वाजवून पाहिली. सा, रे, कोमल ग, तिथून उडी मारून कोमल ध, आणि लगेच अर्धा सूर खाली, पंचमावर. किरवाणीत बसतील असे सूर. सगळी गंमत त्या उडीत आणि लगेचच्या उतरण्यात आहे. कोणीतरी गच्चीच्या कठड्यावर चढलं आणि आपल्याकडे बघायला वाकलं, असं काहीसं. शीर्षकांच्या वेळी आधी हे सूर दबक्या पावलांनी येतात, मग मार्च सुरू होतो. पुढे सिनेमाभर तेच पाच सूर कधी लांबवून, कधी तोडून, कधी नुसते तीन.

मग ‘धून’ मागे घेतो. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: ‘पकड’. दोन सेकंदांत राग ओळखू येतो तो पकडीवरून. इथे माणूस ओळखू येतो.

फटकळ

पकड म्हणजे प्लंबरच्या पिशवीतलं हत्यार. ‘बॅटमॅनची पकड’ लिहिलंत तर लोक समजतील, कुस्ती आहे.

शिवाय नावं कशाला शोधताय, या प्रकाराला मराठीत नाव आहेच. शिळ्या कढीला ऊत. २०१७चा ‘स्पायडरमॅन: होमकमिंग’ घ्या, मार्व्हलचं बोधचिन्ह पडद्यावर येतं तेवढ्या वेळात १९६७च्या कार्टूनचं गाणं भल्यामोठ्या ऑर्केस्ट्रावर. त्याच वर्षीच्या ‘जस्टिस लीग’मध्ये एल्फमनने स्वतःचेच १९८९चे पाच सूर आणले. २०२२च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’मध्ये प्रोफेसर एक्सची खुर्ची दिसली की ‘एक्स-मेन’ कार्टून मालिकेचे सूर. २०२३च्या ‘द फ्लॅश’मध्ये १९८९चे बॅटमॅन मायकल कीटन आले, त्यांच्याबरोबर पुन्हा एल्फमनचे सूर. पब्लिक शिट्ट्या मारतं, तिकिटं खपतात. ढापाढापी नुसती.

नेपथ्यातून

ढापणं दुसऱ्याचं असतं. हॉलिवूडमध्ये अशा संगीताचे हक्क सहसा संगीतकाराकडे राहत नाहीत, स्टुडिओकडे जातात. १९७८चा ‘सुपरमॅन’ वॉर्नरचा, २०२५चाही वॉर्नरचाच. घरचं भांडं घरात वापरलं तर चोरी कशी? ‘उचलेगिरी’ही त्याच कारणाने बाद.

आणि हे काही आजचं नाही. १९८०च्या ‘सुपरमॅन २’ला विल्यम्स नव्हतेच. केन थॉर्न यांनी विल्यम्सच्याच सुरावटी घेऊन संगीत बांधलं, १९८३च्या तिसऱ्या भागातही. त्याला तेव्हा कोणी शिळं म्हटलं नाही, कारण सिनेमांची साखळी तुटली नव्हती. तुटली ती २०१३ला. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये हान्स झिमरने जुन्यातलं काही न घेता सगळं नवं लिहिलं. मला ते आवडतं, हे इथे सांगितलं की मार बसतो हे माहीत असूनही सांगतो. एकदा अशी फारकत झाल्यावर जुने सूर परत आणले, की मगच ‘परत आणले’ असं वाटतं.

उतू गेलेलं दूध

फटकळ, कढीवर मला बोलू द्या. वाक्प्रचार सगळे वापरतात, कढी किती जण करतात कोण जाणे.

ताकाची कढी उकळू द्यायची नसते. बेसन लावलं तरी पळी हलती ठेवायची, कडेला बारीक बुडबुडे दिसले, वाफ आली की गॅस बंद. ऊत येऊ दिला की कढी फुटते. पाणी वर, चोथा खाली. सासूबाई माझ्या हातातून पळी काढून घ्यायच्या ती याच क्षणी. म्हणजे त्या वाक्प्रचारात दोन अपराध आहेत. एक, कढी शिळी आहे. दोन, जे ताज्या कढीलाही सोसत नाही ते शिळ्या कढीला करताय. लोकांचं लक्ष ‘शिळ्या’वर जातं, खरी खोट ‘ऊत’ या शब्दात आहे.

आता उरलेल्याचं दुसरं काय करतो आपण? फोडणीची पोळी. कोणाकडे कुस्करा, कोणाकडे मनोहरा. पोळी कालचीच असते, पण ती ‘पोळी’ म्हणून वाढत नाही. कांदा, मोहरी, हिंग, शेंगदाणे, वरून कोथिंबीर, आणि पोरं गरम पोळी टाकून ती मागतात. डिसेंबर २०२४ला ‘सुपरमॅन’चा पहिला टीझर आला तेव्हा विल्यम्सची थीम इलेक्ट्रिक गिटारवर होती. माझ्या कानाला ती फोडणी. पूर्ण सिनेमाचं संगीत जॉन मर्फी आणि डेव्हिड फ्लेमिंग यांचं, त्यात विल्यम्सचे सूर मधूनमधून दाताखाली येतात. तेव्हा तुमचं क्रियापद: ‘जुन्या थीमला नवी फोडणी दिलीय.’

फटकळ

भूक लागली. मुद्दा मान्य नाही.

तिसरी घंटा

फोडणी झकास आहे, पण ती सगळीकडे नाही बसत. २००६चा ‘सुपरमॅन रिटर्न्स’ बघा. संगीत जॉन ओटमनचं, पण शीर्षकांना विल्यम्सचा मार्च जवळजवळ जसाच्या तसा. त्यात फोडणी नाही, कढीलिंब नाही, काही नाही. १९७८चे सुपरमॅन क्रिस्टोफर रीव्ह दोन वर्षांपूर्वी गेले होते. पडद्यावर वेगळा नट, आणि कानावर तेच ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं. तिथे काय केलं म्हणायचं?

चिपळीवाला

आळवलं.

आजोबा हरिपाठ संपल्यावर एकच अभंग घ्यायचे. आम्ही पोरं कंटाळायचो, आजोबा तोच तोच का घेता? ते म्हणायचे, अरे, आळवल्याशिवाय येतो का तो? म्हणजे नुसतं ‘गाणं’ वेगळं आणि ‘आळवणं’ वेगळं. राग आळवतात आणि देवालाही आळवतात. दोन्हीत पुन्हा पुन्हा तेच येतं, आणि दोन्हीत समोर नसलेल्या कोणाला तरी बोलावणं असतं. २००६मध्ये तेच झालं असणार. ‘द फ्लॅश’मध्येही. कीटन तीस वर्षांनी तो मुखवटा घालतात, आणि पाच सूर नाही वाजले तर तो मुखवटा कुठल्याही दुकानातला.

शिवाय या शब्दाला वाईट बाजूही आहे, जी फटकळांना लागेल. ‘तेच तेच काय आळवतोयस’ असं आपण वैतागूनही म्हणतो. म्हणजे प्रशंसेला आणि टीकेला एकच क्रियापद. वापरणाऱ्याने स्वर लावायचा.

फटकळ

हे चालेल. ‘हॉलिवूड बसलंय आळवत.’ घेतला.

पेटीचा भाता

क्रियापद सापडलं, नाम राहिलं. ‘लाइटमोटिफ’ हा मूळ शब्द जर्मन आहे. संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांमुळे तो गाजला, गंमत म्हणजे हा शब्द लोकप्रिय केला तो भाष्यकारांनी, खुद्द वाग्नरने नव्हे. पात्र, वस्तू किंवा विचार यांना एकेक सुरावट बांधून द्यायची, आणि ती वाजली की पात्र दिसायच्या आधी समजलं पाहिजे, कोण येतंय. सुपरहिरोंचं सगळं संगीत याच वळणाचं. मी ‘सूत्रसुरावट’ असं काहीतरी सुचवणार होतो, पण उच्चारताना माझीच जीभ अडखळली.

नेपथ्यातून

पात्र येताना कळलं पाहिजे, हे आपल्या नाट्यशास्त्रात आहे. भरताने पाच ‘ध्रुवा’ सांगितल्यात. पात्राच्या प्रवेशाला गातात ती प्रावेशिकी, निघताना नैष्क्रामिकी. मधे चालू रस एकदम मोडायचा असेल तर आक्षेपिकी, प्रेक्षकाचं मन पुन्हा प्रसन्न करायला प्रासादिकी, आणि फट भरून काढायला अंतरा.

आता २०१७चा ‘जस्टिस लीग’ आठवा. मेलेला सुपरमॅन जिवंत होतो, पण भान नसतं, आपल्याच माणसांना बदडतो. तिथे एल्फमनने विल्यम्सचीच सुपरमॅन थीम घेतली, पण काळवंडलेली, वाकडी करून. सूर सांगतात हा तोच आहे, आणि त्याच सुरांच्या विटण्यातून कळतं की तो आत्ता तो नाही. माझ्या मते सगळ्या यादीत ही एक जागा खरी कसबाची आहे, आणि तीच सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात राहिली. प्रवेशाचे सूर घेऊन केलेली आक्षेपिकी. ‘होमकमिंग’चं बोधचिन्हावरचं गाणं त्यामानाने नुसती दारावरची रांगोळी. छान आहे, उंबऱ्याच्या आत येत नाही.

‘ध्रुवा’ आजच्या लेखात चालेल असं मी म्हणत नाही. छपाईत ‘धुवा’ झालं तर पुन्हा सांडपाणी.

चिपळीवाला

नामासाठी माझ्याकडे एक आहे. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ येतं त्याला नाममुद्रा म्हणतात. तसं ‘स्वरमुद्रा’. विल्यम्सच्या थीममध्ये सा आणि पंचमाच्या उड्या आहेत, त्यात तीन सुरांचा एक तुकडा असा आहे की त्यावर ‘सु-पर-मॅन’ म्हणून बघा, बसतं. सुरांत नाव कोरलंय.

पेटीचा भाता

शब्द देखणा आहे. पण नाममुद्रा रचणाऱ्याची असते. ‘तुका म्हणे’वरून कळतं की हे कोणी लिहिलं. थीमवरून कळायला हवं की कोण आलं.

चिपळीवाला

आता दोन्ही कळतं ना. ते सूर ऐकले की अर्ध्या थिएटरला सुपरमॅन आठवतो, उरलेल्या अर्ध्याला विल्यम्स.

तिसरी घंटा

आणि काहींना दोघंही नाही. ठाण्याला भाच्याला घेऊन गेलो होतो, वय अकरा. सूर सुरू झाले, माझ्या अंगावर काटा. तो कानाशी येऊन म्हणतो, “मामा, ही ट्यून मला माहितीये, गेममध्ये आहे.” त्याच्यासाठी ना रीव्ह, ना १९७८. तरी ओळखली, हे खरं. बाहेर पडताना पार्किंगमध्ये तीच गुणगुणत होता, शेवटचा सूर दर वेळी चुकवत.

ठरवतो मग. लेखात साधंच लिहितो: लांब असेल तिथे ‘धून’, दोन-पाच सुरांची खूण असेल तिथे ‘स्वरमुद्रा’, पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘थीम’ असू दे, कोणाचं काय जातं. क्रियापद प्रसंग बघून. २००६ला आळवली, २०२५ला फोडणी दिली, २०१७ला विटवली. ‘पुनर्वापर’ नगरपालिकेला परत.

उतू गेलेलं दूध

‘धून’चं अनेकवचन काय करणार? सून-सुना, खूण-खुणा, तसं ‘धुना’?

पेटीचा भाता

त्या वळणाने ‘धुना’. पण मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ‘धुनी’ म्हणाल तर साधू येऊन बसेल. मी ‘दोन धून’ असंच म्हणतो आणि पुढे जातो.

तिसरी घंटा

ताजी खबर. शुद्धिपत्रासाठी वाक्य पाठवलं होतं: ‘विल्यम्स यांची जुनी धून २००६ मध्ये आळवली, तर २०२५ मध्ये तिला फोडणी दिली.’ मुद्रित तपासायला आत्ता आलंय. ‘आळवली’चं ‘वाळवली’ झालंय. फोडणी जागेवर आहे.

फटकळ

राहू द्या. आधी वाळवली, मग फोडणी दिली. पाककृती बरोबर आहे.