गायीची रेकॉर्ड

गुरुवार

धाकटा मामा: रात्रभर झोप लागली नाही. काल चिऊने पाठवलं ते सगळ्यांनी वाचा. पिंक फ्लॉइडचा गिटारवाला डेव्हिड गिलमोर म्हणतोय, लक अँड स्ट्रेंज हा माझा १९७३ नंतरचा सगळ्यात चांगला अल्बम. म्हणजे फ्लॉइडच्या डार्क साइड ऑफ द मूननंतर थेट हा. मग मधला विश यू वेअर हिअर कुठे गेला? इतकी वर्षं हाच माणूस सांगत आला की फ्लॉइडच्या अल्बमांत त्याचा लाडका तोच.

धाकटा मामा: आणि गायीच्या रेकॉर्डबद्दल तो काय बोलून बसलाय ते तर मी इथे लिहिणारही नाही.

ठाण्याचा दादा: फ्लॉइडचाच ॲनिमल्स. १९७७. त्याचं कुणी नावच घेत नाही.

माईमावशी: शुभ सकाळ. रविवारी जेवायला किती जण येताय ते आज कळवा. बिरडं करायचंय. वाल आजच भिजत घातले तर मोड येतील.

चिऊ: धाकटे आजोबा, मी लिहिते मग. ॲटम हार्ट मदर, म्हणजे आपली गायीची रेकॉर्ड, निव्वळ कचरा होता, आम्ही तेव्हा पार तळाशी पोचलो होतो, असं तो म्हणाला आहे. आजचं नाही, खूप जुनं आहे. आणि फ्लॉइडचा बेसवाला रॉजर वॉटर्स म्हणाला होता की दहा लाख पौंड दिले तरी ते पुन्हा वाजवणार नाही. या एका बाबतीत दोघांचं एकमत आहे.

धाकटा मामा: वा. बाकी कशात नाही, नेमकं यात एकमत.

मोठी मामी: गायीची रेकॉर्ड म्हणजे आपली? सासूबाईंची?

धाकटा मामा: आपली म्हणजे वहिनी, सध्या तुमच्याकडे आहे ती.

मोठी मामी: माळ्यावर निळ्या ट्रंकेत आहे. २००९ ला खोली रिकामी केली तेव्हा यांनीच नीट बांधून आणली. कुणी विचारलं तर देणार नाही असं आम्ही कधी म्हटलेलं नाही.

धाकटा मामा: सांभाळायला दिली होती. एवढंच म्हणतो.

माईमावशी: बाळ, सकाळी सकाळी नको.

जर्सीची ताई: काका, मी नोव्हेंबर २०२४ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याला ऐकलंय, म्हणून सांगते. अर्ध्याच्या आसपास कार्यक्रम नव्या अल्बमचा होता. ७८ वर्षांचा माणूस. त्याची मुलगी रोमनी बाजूला उभी राहून बिटवीन टू पॉइंट्स गात होती आणि हार्पही वाजवत होती. गाण्यांचे शब्द बहुतेक बायकोचे, पॉली सॅमसनचे. आणि लक अँड स्ट्रेंज या गाण्यातला कीबोर्ड फ्लॉइडच्या रिचर्ड राइटचा आहे. २००७ मध्ये गिलमोरच्या घराशेजारच्या कोठारात सगळे सहज वाजवत बसले होते, ते रेकॉर्डिंग त्याने ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी राइट गेला. ज्या अल्बममध्ये लेक आहे, बायको आहे आणि गेलेला मित्र वाजवतोय, त्याला तो पहिला नंबर देणार नाही तर कशाला देईल? त्याचा क्रम हा त्याच्या आयुष्याचा क्रम आहे. आपला आपला वेगळा.

चिऊ: अगदी हेच. शिवाय त्याने निर्माता म्हणून चार्ली अँड्र्यूला घेतलं, तो खूप तरुण. तो गिलमोरलाच विचारायचा, इथे गिटारचा सोलो हवाच का? सगळी गाणी हळूहळू विरत का जातात, एखादं नीट संपू दे की. गिलमोरला ते आवडलं. त्याच्या जुन्या कीर्तीचं दडपण नसलेला माणूस त्याला हवा होता. या वयात कुणाला तरी असं बोलू देणं मला फार मोठं वाटतं.

धाकटा मामा: बोलू दे ना. नवीन चांगला आहे, मीही ऐकला. पण नव्याचं कौतुक करताना जुन्याला कचरा कशाला म्हणायचं?

ठाण्याचा दादा: मामा, त्या दोन गोष्टी त्याने वेगवेगळ्या वेळी म्हटल्यात. तू एकत्र करतोयस. आणि ॲनिमल्सला कुणी कचरा म्हणालं नाही, चांगलंही म्हणालं नाही, हे जास्त वाईट. त्यातल्या डॉग्ज या गाण्यातला गिलमोर ऐका. १७ मिनिटं.

माईमावशी: किती जण?

ठाण्याचा दादा: आई, आम्ही तिघे.

अण्णामामा: आत्ता फिरून आलो. सगळं वाचलं. बाळ, तू चिडला आहेस पण मुद्दा तुझा बरोबर आहे. फक्त त्याचंही थोडं ऐकून घे. ती रेकॉर्ड कशी झाली हे माहीत असलं तर राग कमी होईल. १९७० साली त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने, ईएमआयने, टेपच्या वापरावर निर्बंध घातले होते. पहिल्या बाजूचा जो सलग २३ मिनिटांहून मोठा तुकडा आहे त्याचा पाया, म्हणजे वॉटर्सचं बेस आणि मेसनचे ड्रम, दोघांना एका दमात सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवावा लागला. त्यामुळे लय मध्येमध्ये हलते. मग ते अमेरिकेला दौऱ्यावर निघून गेले आणि पितळी वाद्यं, चेलो, समूहगान हे बहुतेक सगळं रॉन गीझिन या संगीतकाराने लिहिलं. तुकड्याला नावही नव्हतं. संध्याकाळच्या वर्तमानपत्रात अणुशक्तीवर चालणारा पेसमेकर बसवण्याच्या एका बाईची बातमी होती, त्यावरून नाव पडलं. आता गिलमोर ते ऐकतो तेव्हा त्याला २४ वर्षांचा गोंधळलेला गिलमोर ऐकू येतो. कुठे लय घसरली, कुठे काहीच सुचत नव्हतं, सगळं आठवतं. आपल्याला ते कुठून ऐकू येणार?

धाकटा मामा: अण्णा, म्हणून तर म्हणतो. त्याला जे ऐकू येतं ते त्याच्यापाशी. पण ब्रिटनमध्ये फ्लॉइडची पहिल्या नंबरवर गेलेली पहिली रेकॉर्ड हीच. डार्क साइड नाही, ही. हजारो माणसांनी ती घरी नेली. त्यांच्या कानांचं काय?

चिऊ: पहिल्या नंबरवर गेली म्हणजे चांगलीच असते असं नाही ना आजोबा.

धाकटा मामा: मी तसं म्हटलेलं नाही.

जर्सीची ताई: काका, एक गोष्ट तुम्हाला आवडेल. २००८ मध्ये लंडनला रॉन गीझिनने तो अख्खा तुकडा पुन्हा बसवला तेव्हा एका रात्री गिलमोर स्वतः जाऊन वाजवून आला. आणि दुसऱ्या बाजूचं फॅट ओल्ड सन हे त्याचं स्वतःचं गाणं तर त्याने २००६ च्या दौऱ्यातही गायलं. तोंडाने काही म्हणू दे, हाताने तो ती रेकॉर्ड सोडत नाही.

धाकटा मामा: हे मला माहीत नव्हतं. २००८ चं. खरंच?

जर्सीची ताई: खरंच. कॅडोगन हॉल.

ठाण्याचा दादा: वॉटर्सने फेब्रुवारी २००७ ला मुंबईत बीकेसीत शीप वाजवलं होतं. ॲनिमल्समधलं. मी आणि मामा दोघे होतो. मामा, तू रडला होतास.

धाकटा मामा: शीपला नाही. विश यू वेअर हिअरला. आदल्या जुलैत फ्लॉइडचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेट गेला होता.

अण्णामामा: सिडची गोष्ट चिऊला माहीत आहे का? १९७५ च्या जून महिन्यात ॲबी रोड स्टुडिओत हे लोक विश यू वेअर हिअर अल्बममधल्या शाइन ऑनचं मिक्सिंग करत होते. गाणं सिडवर आहे. तेवढ्यात एक जाडसर, डोकं आणि भुवयाही भादरलेला माणूस येऊन बसला. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. तो सिड होता. राइट म्हणायचा की हा अल्बम तो निव्वळ आनंदासाठी ऐकू शकतो, फ्लॉइडचे असे अल्बम फारसे नाहीत. इतकं दुःख आत असूनही.

चिऊ: गोष्ट माहीत होती. पण तुमच्याकडून वाचताना वेगळीच वाटली आजोबा.

ठाण्याचा दादा: तरी मला वाटतं गिलमोर आणि वॉटर्स या दोघांच्या क्रमवारीवर विश्वास ठेवूच नये. फ्लॉइडचा फायनल कट हा अल्बम वॉटर्सला प्रिय, गिलमोरने निर्माता म्हणून स्वतःचं नावसुद्धा त्यावरून काढून घेतलं. वॉटर्स सोडून गेल्यावरचा १९८७ चा अल्बम गिलमोरचा, तर वॉटर्स म्हणाला बऱ्यापैकी जमलेली नक्कल. एकमेकांवरचा राग अल्बमवर काढतात. ४० वर्षं झाली, अजून तेच.

मोठी मामी: भाऊच ते. घरोघरी तेच. वस्तूचं निमित्त.

(मेसेज हटवला)

माईमावशी: बाळ, काय लिहून पुसलंस?

धाकटा मामा: काही नाही.

माईमावशी: मला त्या संगीतातलं कळत नाही. पण एक सांगते. दर गणपतीत माझे मोदक फाटले, कळ्या बिघडल्या असं मी म्हणते आणि तुम्ही सगळे २१ चे ४० खाऊन जाता. मी म्हणते तेही खोटं नसतं. मला उकड कुठे चुकली ते कळलेलं असतं. पण आईने मात्र कधी मला त्यावर मान डोलावली नाही. खाऊन टाकायची आणि म्हणायची, अजून वाढ. अण्णा ६ जण धरू का तुमच्याकडचे?

मोठी मामी: आम्ही दोघेच माई. जर्सी कुठून येणार.

अण्णामामा: आईचा विषय निघाला म्हणून लिहितो. पोरांना कदाचित नीट ठाऊक नसेल. १९७१ साली आमची बोट लंडनजवळ टिलबरी बंदराला लागली होती. पगार हातात, परत यायला चार दिवस. एका दुकानात शिरलो तर समोर ही गाय. पूर्ण कव्हरभर गाय, मान वळवून बघणारी. वर बँडचं नाव नाही, रेकॉर्डचं नाव नाही, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बारजवळ दिसलेली पहिलीच गाय त्यांनी टिपली होती, लुलुबेल तिचं नाव, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा पिंक फ्लॉइड कोण हेही माहीत नव्हतं. मला फक्त आई आठवली. गिरगावात दर वसुबारसेला ती गाय शोधत फिरायची आणि गाय वर्षागणिक लांब जात चालली होती. म्हणून घेतली. घरी येऊन फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर लावली तर ती पितळी वाद्यं. आई म्हणाली, हे काय वाजतंय, गाईच्या रेकॉर्डमधून वरात निघालीय. पण बंद कर म्हणाली नाही. त्या वर्षी वसुबारसेला तिने कव्हर देव्हाऱ्याशी टेकवून ठेवलं, गायीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी दाखवली. वासरू नाही म्हणून बाळला शेजारी बसवलं. तो १३ वर्षांचा, मिसरूड फुटत होतं, नुसता धुमसत बसला होता.

जर्सीची ताई: बाबा, हे वासराचं तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत.

धाकटा मामा: दरवर्षी बसवायची. १९९४ ला गेली त्याच्या आदल्या वर्षापर्यंत. ३५ वर्षांचा घोडा झालो होतो तरी बसलो.

चिऊ: मी मगाशी कचरा हा शब्द इतका सहज लिहिला. सॉरी आजोबा. शब्द गिलमोरचा असला तरी.

धाकटा मामा: तुझं काही चुकलं नाही बाळा. तू खरं तेच लिहिलंस.

ठाण्याचा दादा: पण मामी, ट्रंक काढाच एकदा. मला ते कुंकू बघायचंय. संग्राहकांच्या हिशेबात डाग पडलेल्या कव्हरला किंमत नाही म्हणतात. असू दे.

मोठी मामी: थांबा. शेजारच्या मुलाला बोलावते शिडीवर चढायला. यांना चढू देणार नाही.

माईमावशी: म्हणजे आत्तापर्यंत ३ आणि २, ५. बाळ, तुझ्याकडचे?

(बाळ उत्तर देत नाही म्हणून माईमावशीचा तोच मेसेज पुन्हा)

माईमावशी: बाळ, तुझ्याकडचे किती?

मोठी मामी: [फोटो]

मोठी मामी: हे बघा. कपाळावरचं कुंकू काळपट पडलंय पण आहे. कोपऱ्यावर हळदीचा अंगठा आहे, तो सासूबाईंचाच असणार. वाळवी नाही, बुरशी नाही. कापडात बांधलं होतं.

जर्सीची ताई: अंगठ्याचा जवळून फोटो पाठव आई.

मोठी मामी: पाठवते. पण अहो, आत तबकडी नाहीये. कव्हर रिकामं आहे.

अण्णामामा: रिकामं कसं? मी स्वतः बांधलं.

मोठी मामी: तुम्ही उघडून बघितलं होतं का तेव्हा?

ठाण्याचा दादा: मामा?

(मेसेज हटवला)

धाकटा मामा: तबकडी माझ्याकडे आहे. १९९४ पासून. आईचे दिवस झाले त्या रात्री मी ती काढून घेतली. कव्हर उचलायचं धाडस झालं नाही, ते देव्हाऱ्यापाशी होतं. मग खोली रिकामी झाली तेव्हा कव्हर तुमच्याकडे गेलं आणि मला बोलता येईना, कारण बोललो तर तबकडीचं सांगावं लागलं असतं. वहिनी, इतकी वर्षं मी तुम्हाला टोमणे मारले. चुकलो. महिन्यातून एकदा लावतो. समूहगान सुरू होतं तिथे जरा खरखर आहे, तेवढीच.

मोठी मामी: भावजी, कव्हर तुमचंच आहे. वासराचा हक्क पहिला.

अण्णामामा: रविवारी तू तबकडी आण. कव्हर मी आणतो.

धाकटा मामा: हो. आम्ही चौघे, माई.

माईमावशी: ९ झाले. दोन वाट्या जास्तीचे वाल घालते. प्लेअर कोण आणतंय?

ठाण्याचा दादा: माझा आणतो. बरोबर ॲनिमल्स पण आणू का?

धाकटा मामा: आण. आधी गाय, मग ॲनिमल्स.