बैलगाडीच्या १:१० प्रतिकृतीतील चाक पावसाळ्यानंतर ढिले झाले, मार्गदर्शन हवे

प्रश्न : गोठ्यातले चाक (डिचोली)

नमस्कार. माझ्या आजोबांची बैलगाडी आता राहिलेली नाही. साटा (माल आणि माणसे बसतात तो गाडीचा भाग), दांड्या आणि जू यांना केव्हाच वाळवी लागली. दोन चाकांपैकी एक मात्र गोठ्याच्या भिंतीला टेकून अजून उभे आहे. याच गाडीतून आजोबा भाताची पोती आणि नारळ बाजारात नेत असत आणि माझ्या वडिलांचे लहानपण तिच्या साट्यात बसून गेले. वडील आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. येत्या चवथीला (गणेश चतुर्थीला) सारे कुटुंब मूळ घरी जमेल, तेव्हा त्या गाडीची लाकडी प्रतिकृती त्यांच्या हाती द्यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती लांबून शोभणारी वस्तू नको; प्रत्येक आरा (तुंब्यापासून कडेपर्यंत जाणारी चाकाची काडी), प्रत्येक पाटा (चाकाच्या लाकडी कडेचा वक्र तुकडा) आणि प्रत्येक खीळ मूळ गाडीत होती तशी आणि तेथेच हवी.

उरलेल्या चाकाची मापे घेतली आहेत. व्यास १५०० मिमी, आरे १२, पाटे ६, तुंब्याचा (चाकाच्या मधल्या लाकडी गाभ्याचा) व्यास २५० मिमी आणि धाव (कडेवरची धातूची पट्टी) ५० मिमी रुंद. दहास एक हे प्रमाण धरल्यामुळे हिशेब सोपा झाला : चाक १५० मिमी, तुंबा २५ मिमी, धाव ५ मिमी. घराच्या मागील पडवीत माझी छोटी कार्यशाळा आहे. टेबलावरचा लहान लेथ, स्टँडवर बसवलेले ड्रिल, बारीक दातांची करवत, कानशी आणि तीन पटाश्या एवढी हत्यारे आहेत. लाकूड आमच्याच घराच्या उतरवलेल्या छपरातील सागवानी रिपांचे आहे.

पहिले चाक मी ऑगस्टमध्ये पूर्ण केले. ते इतके कसून बसले होते की टिचकी मारली असता साऱ्या चाकातून एकच भरीव आवाज येत असे. जानेवारीत कपाटातून काढले तर धाव बोटाने फिरू लागली होती आणि बारापैकी चार आरे तुंब्यात हलत होते. एक आरा उपसून पाहिला, तेव्हा त्याचे भोक आतल्या बाजूने शेजारच्या भोकाला जाऊन मिळालेले दिसले. कुसू (आऱ्यांची भोकात शिरणारी टोके) ३ मिमी जाडीचे आहेत आणि भोके मी ८ मिमी खोल घेतली होती. धाव पितळी पट्टीची असून तिचे तोंड साध्या डाखाने (वितळवलेल्या धातूच्या सांध्याने) जोडले आहे आणि ती एपॉक्सीने चिकटवली आहे.

दोष लाकडाचा आहे की माझ्या पद्धतीचा? तुंब्याचे बारा समान भाग अचूक कसे पाडावेत? आणि खऱ्या गाडीप्रमाणे धाव तापवून चढवणे या लहान आकारात शक्य आहे का?

उत्तर : किकरे (फोंडा)

लाकूड उत्तम आहे, वेळ चुकली. आपल्याकडे पावसाळ्यात घरातील लाकडातही सुमारे १८ टक्के ओल राहते आणि कोरड्या महिन्यांत ती १२ टक्क्यांच्या आसपास उतरते. रिपा पन्नास वर्षे छपरावर वाळल्या असल्या तरी हवेबरोबर त्यांचे फुगणे आणि आकसणे थांबत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेने मात्र आकसते, आणि चाकाचे दुखणे नेमके याच फरकातून उद्भवते. आरे उभ्या तंतूंचे असल्यामुळे त्यांची लांबी तीच राहिली. तुंब्याचा व्यास साधारण पाव मिलिमीटरने घटला आणि पाट्यांची जाडीही किंचित उतरली. पितळी धाव तेवढीच राहिली, म्हणून ती सुटली. खऱ्या चाकांचेही असेच होत असे. म्हणूनच गाडीवान उन्हाळ्यात चाके ओढ्यात बुडवून ठेवत किंवा त्यांवर ओले गोणपाट टाकत.

यावरून माझा आग्रहाचा सल्ला असा की नवे चाक आत्ताच, फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत करावे. चिरलेले तुकडे घरात मोकळ्या हवेत ठेवून त्यांची मोळी दर रविवारी स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावी आणि लागोपाठ दोन आठवडे वजन तेच भरले की मगच मापाला हात घालावा. कोरड्या लाकडाचे चाक पावसाळ्यात फुगते ते धावेच्या आत, त्यामुळे सांधे अधिकच आवळतात.

तुंब्यातील दुसरा दोष हिशेबाचा आहे. २५ मिमी व्यासाच्या तुंब्याचा घेर साडेअठ्ठ्याहत्तर मिमी, म्हणजे पृष्ठभागावर प्रत्येक आऱ्याच्या वाट्याला साडेसहा मिमी येतात. तेथे ३ मिमीचे कुसू आणि मध्ये साडेतीन मिमी लाकूड सहज मावते. पण आत जावे तसा घेर लहान होतो. ८ मिमी खोलीवर त्रिज्या साडेचार मिमी उरते आणि घेर २८ मिमी. बारा कुसवांना मात्र ३६ मिमी हवेत. भोके एकमेकांत शिरणारच. दोन भोकांमध्ये निदान १ मिमीची भिंत हवी असेल तर खोली ५ मिमीवर थांबवावी. कुसू आसाच्या दिशेने ६ मिमी रुंद ठेवावे, ३ मिमीची दोन छिद्रे शेजारी शेजारी पाडावीत आणि कोपरे अरुंद किकऱ्याने (बारीक पटाशीने) चौकोनी करावेत. खोली कमी झाली तरी ही रुंदी आऱ्याला डुलू देत नाही.

बारा भागांसाठी कोनमापकाची गरज नाही. तुंब्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून नेमक्या घेराएवढी कापावी. आलेखाच्या कागदावर ५ मिमी अंतराच्या तेरा समांतर रेषा घ्याव्यात आणि पट्टी अशी तिरपी ठेवावी की तिचे एक टोक पहिल्या रेषेवर आणि दुसरे तेराव्या रेषेवर येईल. मधल्या रेषा पट्टीला जेथे छेदतात तेथे खुणा करून पट्टी पुन्हा तुंब्याला चिकटवावी. पाट्यांसाठी तर याहून सोपे आहे, कारण वर्तुळाची त्रिज्या कंपासात धरून परिघावर सहा वेळा टेकवली की सहा समान भाग होतात. एका पाट्यासाठी ७५ मिमी लांब आणि १८ मिमी रुंद तुकडा नेमका पुरतो. कानशीने घासण्यासाठी २ मिमी अधिक धरावेत. पाटे सहाऐवजी चार करण्याचा मोह टाळावा. चौथाई वर्तुळाच्या पाट्यात टोकाजवळचे तंतू इतके तिरपे येतात की तेथे तो तुटतो.

पाटा बसवताना एक अडचण येईल. एका पाट्यात दोन आरे जातात आणि ते बाहेरच्या टोकाला फाकलेले असतात, त्यामुळे पाटा वरून सरळ शिरत नाही. दोन्ही आऱ्यांभोवती जाड दोऱ्याचा फास टाकून त्यात काडी घालावी आणि पीळ देत जावे. आरे केसभर जवळ आले की पाटा बसतो. मग पीळ सोडावा. जोर लावू नये, आरा तुंब्यापाशी मोडतो.

तुंब्यात गोंद घालू नये असे माझे ठाम मत आहे. जे चाक गोंदाने उभे राहते त्याचे सांधे ढिले आहेत हे कळायला एक पावसाळा जावा लागतो.

उत्तर : ऐरण (मडगाव)

धावेविषयी लिहितो. लोहार धाव मुद्दाम घेराने थोडी लहान करतो, ती लाल होईपर्यंत तापवून चढवतो आणि लगेच पाणी ओततो. धाव आकसते तेव्हा पाट्यांमधील ठेवलेल्या फटी मिटतात आणि सारे आरे तुंब्यात दाबले जातात. प्रतिकृतीतही हे होते, फक्त लाल करण्याइतकी उष्णता लागत नाही. घरच्या ओव्हनमध्ये २३० अंशांपर्यंत तापवले की खोलीच्या तपमानापेक्षा २०० अंश वाढ मिळते. ४७१ मिमी घेराची पितळी कडी तेवढ्यात सुमारे १.८ मिमी वाढते आणि लोखंडी कडी १.१ मिमी. म्हणून पितळ असेल तर घेर १ मिमीने आणि लोखंड असेल तर अर्ध्या मिमीने कमी ठेवावा. पाट्यांच्या सहाही जोडांत कागदाच्या जाडीपेक्षा अधिक फट ठेवू नये, नाहीतर ती मिटणार नाही.

आपला साधा डाख मात्र येथे दगा देईल, कारण शिसे आणि कथील यांचा तो मिश्रधातू १८३ अंशांच्या पुढे वितळू लागतो आणि ओव्हनमध्येच कडीचे तोंड उघडेल. जोड चांदीच्या डाखाने करून घ्यावा. आपल्या गावातील कोणताही शेट (सोनार) तो पाच मिनिटांत करून देईल.

चाक आधी सपाट फळीवर खिळ्यांच्या आधाराने घट्ट बसवून ठेवावे. एवढी पातळ कडी ओव्हनबाहेर काही क्षणांतच निवते, त्यामुळे फळी ओव्हनला लागूनच असावी आणि दोन सांडशा घेतलेली दोन माणसे असावीत. थंड कडीने दोन-तीन वेळा सराव केल्याशिवाय तापवू नये. पाणी ओतण्याची गरज नाही. ओला फडका फिरवला तरी पुरे.

माझी पसंती लोखंडाला आहे. पितळेला काळा रंग दिला तरी रस्त्याला लागणारी बाजू घासली गेली की पिवळी दिसते, आणि खऱ्या धावेची नेमकी तीच बाजू चकचकीत राखाडी असते. आपल्या खाऱ्या हवेत लोखंड गंजते हे खरे. त्यावर मेणाचा पातळ हात वर्षातून दोनदा द्यावा लागेल.

उत्तर : माडाची सावली (काणकोण)

चाकाचे सर्व सांगून झाले आहे, पण साट्याचे काय? मूळ साटाच उरलेला नसेल तर त्याची मापे अंदाजाने ठरवू नयेत. बाणावलीला ‘गोवा चित्र’ संग्रहालयाचा ‘गोवा चक्र’ हा विभाग जुन्या गाड्या, बग्ग्या आणि पालख्यांचा आहे. तेथे जाऊन, परवानगी घेऊन, गाडीचे बाजूने आणि मागून अगदी समोरासमोर छायाचित्र काढावे आणि मोजपट्टी चौकटीतच ठेवावी, म्हणजे घरी आल्यावर मापे काढता येतात. दांड्या आसावर कशा टेकतात आणि जू कशाने बांधतात हे चाकावरून कळणार नाही.

तरीही ती आपल्या आजोबांची गाडी नव्हे. म्हणून कच्चा आराखडा झाला की तो अंगणात खडूने पूर्ण आकारात आखावा आणि ज्यांनी त्या गाडीत प्रवास केला आहे अशा कोणाला तरी तेथे उभे करावे. वडिलांना आधी कळू द्यायचे नसेल तर एखाद्या आत्याला किंवा काकांना बोलवावे.

शेवटचा हात व्हार्निशचा देऊ नये. शेतकऱ्याची गाडी चमकत नसे. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते जवसाचे तेल फडक्याने चोळावे. ते फडके चुरगाळून टाकू नये, कारण हे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके उघडे पसरून वाळवावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : गोठ्यातले चाक

आपण तिघांनीही एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांत रिपांची मोळी ४१२ ग्रॅमवरून ४०३ वर आली आणि गेले दोन रविवार तेथेच आहे. नव्या तुंब्यातील बारा भोके ५ मिमीवर थांबवली. आरे लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनीच आत गेले आणि तुंबा उलटा धरून झटकला तरी एकही निसटला नाही. धावेसाठी लोखंडी पट्टी आणली असून जोड करून घेण्यासाठी उद्या शेटकडे जात आहे.

काल संध्याकाळी अंगणात गाडी खडूने आखली आणि आत्याला बोलावले. तिने चपला काढल्या, साट्याच्या आखणीत जाऊन मांडी घालून बसली आणि दोन्ही हात बाजूंना पसरून म्हणाली, “एवढी रुंद नव्हती रे. पोत्यांच्या मागे आम्ही तिघे बसायचो ते एकमेकांच्या अंगावर.” तिने स्वतःच खडू घेऊन दोन्ही बाजूंच्या रेषा हातभर आत ओढल्या आणि मागच्या डाव्या कोपऱ्यावर फुली मारली. तेथे एक खुंट कायम तुटका असे आणि माझे वडील त्याच्या भोकात चिंचोके लपवत. त्या कोपऱ्यातील भोक मी खुंटाविनाच ठेवणार आहे.