एचडी ६०० घेतला, पण डग्गा कुठे गेला?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. मी सांगलीत गाणं शिकते. संध्याकाळी क्लास, पहाटे ॲपवरच्या तानपुऱ्यावर रियाज. घरात आत्तापर्यंत एकच हेडफोन होता, ह्यांना ऑफिसातून दिवाळीला मिळालेला वायरलेस. एकदम दणकेबाज. त्यावर तबला लावला की डग्गा छातीत घुमायचा. मध्यंतरी धाकट्या भावाच्या आग्रहाखातर सेनहायझरचा एचडी ६०० मागवला, सोबत फोनला लावायचा छोटा डॅक, म्हणजे फोनमधला डिजिटल आवाज हेडफोनला लागतो तसा करून देणारी डबी. तो म्हणाला, "ताई, शास्त्रीय ऐकतेस ना, मग खरा आवाज ऐक."

ऐकतेय. गाणाऱ्या बाईंनी श्वास कुठे घेतला ते कळतं, तानपुऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू येतात, तबल्याची चाट स्वच्छ. सगळं कबूल. पण डग्गा? विलंबित एकतालात सम येते आणि निघून जाते, अंगावर काही येत नाही. जुना हेडफोन घातला की पुन्हा मजा, फक्त त्यात गाणाऱ्याच्या तोंडावर कुणी चादर टाकल्यासारखं वाटतं.

भाऊ म्हणतो कान तयार व्हायला वेळ लागेल. गुरुजी म्हणतात, ते सगळं काढून ठेव आणि खरा तानपुरा जुळवायला बस. मला विचारायचंय ते एवढंच: जे आवडतं ते चुकीचं आणि जे बरोबर आहे ते बेचव, असंच असतं का? बजेट संपलंय, त्यामुळे तिसरा हेडफोन कृपया सुचवू नका.

आलेख_बघा:
एचडी ६०० हा १९९७ सालचा, उघड्या पाठीचा हेडफोन. १०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे खर्जात, त्याचा आवाज हळूहळू उतरत जातो. तुमचा कान ठीक आहे, हेडफोनही ठीक आहे.

लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ टाका, आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर. लो शेल्फ (ठरावीक जागेखालचा सगळा खर्ज उचलणारी सेटिंग), १०५ हर्ट्झ, +४ डेसिबल, क्यू (चढाची तीव्रता) ०.७. प्रीअँप, म्हणजे एकूण पातळी, -४, नाहीतर आवाज फाटेल. अँड्रॉइडवर त्यासाठी वेव्हलेट ॲप वापरा. फार वर नेऊ नका, या हेडफोनात खर्ज ढकलला की डिस्टॉर्शन वाढतं. शिवाय तो ३०० ओहमचा आहे, म्हणजे चालवायला जोर जास्त लागतो. आत्ताच व्हॉल्यूम टोकापर्यंत न्यावा लागत असेल तर प्रीअँप उतरवल्यावर तो डॅक पुरणार नाही.

आणि जुन्या-नव्याची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. किंचित मोठा असलेला नेहमी जास्त छान वाटतो. विषय संपला.

फेडरमास्तर:
विषय संपला म्हणे!

ताई, आकडे बरोबर आहेत, तसंच करा. पण भावानं 'खरा आवाज' म्हणून जे पुढे केलंय त्यावर थोडं बोलू द्या, कारण पोट त्यावरच भरतं. मी पुण्यात बैठकींचं आणि छोट्या स्टुडिओत गायनाचं ध्वनिमुद्रण करतो. तुम्ही जो डग्गा ऐकता तो माझ्यासारख्या कुणीतरी घडवलेला असतो. कार्डिऑइड (समोरचंच जास्त ऐकणारा) माइक डग्ग्याच्या पुडीपासून चार बोटांवर ठेवला की नुसत्या जवळिकीमुळे खर्ज फुगतो. तोच माइक हातभर मागे नेला की डग्गा सडपातळ. हॉलमध्ये पाचव्या रांगेत बसलेल्याला आणखी तिसराच ऐकू येतो. आणि तबलजी म्हणतात, "बायाँ जरा अजून द्या," म्हणजे डग्गाच. आजवर एकही तबलजी मला "बायाँ कमी करा" म्हणालेला नाही. आता यातल्या कोणत्या डग्ग्याशी तुमचा हेडफोन प्रामाणिक राहणार?

दुसरी गोष्ट. कानाच्या पडद्यापाशी आलेख सरळ रेषेत येईल असा हेडफोन बनवला, तर तो ऐकायला अगदी बसका लागतो. कारण समोरून येणारा आवाज कानाची पाळी आणि कानाची नळी यांतून आत जाईपर्यंत ३००० हर्ट्झच्या आसपास दहा-पंधरा डेसिबल वाढलेला असतो. हेडफोन थेट कानावर बसतो, त्यामुळे ही वाढ त्याला आपणहून करून द्यावी लागते. किती द्यायची यावरच सगळी भांडणं आहेत. आधी स्टुडिओच्या हेडफोनांसाठी डिफ्यूज फील्डचं माप धरायचे, म्हणजे चहूबाजूंनी सारखाच आवाज येतोय अशी खोली कल्पायची. ते ऐकायला बऱ्याच जणांना पातळ आणि टोचरं वाटायचं. मग २०१२-१३च्या सुमारास हार्मन या ध्वनियंत्रांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी वेगळा रस्ता धरला. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर ठेवून कृत्रिम डोक्याच्या कानात मोजमाप घेतलं आणि बेस-ट्रेबलचे नॉब ऐकणाऱ्यांच्याच हातात दिले. लोकांनी खर्ज वर नेला. आज आलेखवाले जी रेषा प्रमाण म्हणून नाचवतात तिच्यात लोकांची आवड अशी आधीच कालवलेली आहे. वरचा १०५चा शेल्फ तिथलाच. हे आलेखरावांनी सांगायला हवं होतं.

स्टुडिओतल्या 'खरेपणा'ची कथाही ऐका. यामाहाचा एनएस-१० स्पीकर, पांढऱ्या कोनचा, १९७८चा. मुळात घरी गाणी ऐकायला काढलेला. त्याला खर्ज जेमतेम, मधल्या पट्टीला चांगलाच उंचवटा. जगभरच्या मिक्सिंग कन्सोलवर तो वर्षानुवर्षं बसला, तो काही सपाट होता म्हणून नव्हे. गायकाचा आवाज कुठे खुपतोय, कुठे बुडतोय ते त्यात लगेच कळायचं म्हणून. माझ्या कामाला तसा निष्ठुर आवाज लागतो. रात्री घरी जाऊन मी तो ऐकत बसत नाही.

आता तुमच्या कामाचं. तुमची पट्टी काळी चार असेल तर तानपुऱ्याची खर्जाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे एचडी ६००मध्ये ती जवळपास पूर्ण मिळते. पुरुष गायकाच्या काळी एकला खर्ज ६९वर जातो. तिथे हेडफोन उतरतीला लागलेला असतो, तरी तार नाहीशी झाल्यासारखी वाटत नाही, कारण तानपुऱ्यात मूळ स्वरापेक्षा वरचे स्वयंभू स्वरच (तारेतून आपोआप उमटणारे उपस्वर) जोरकस असतात आणि त्यांवरून कान खर्ज भरून काढतो. (फोनच्या टीचभर स्पीकरवरही षड्ज ऐकू येतो तो यामुळेच.) डग्ग्याला ही सोय फारशी नाही. त्याचा घुमारा साधारण ७० ते १२०च्या पट्ट्यात, वर दाखवायला फार काही नाही. म्हणून तानपुरा राहिला आणि डग्गा गेला.

तुमच्या वायरलेसचं उलटं झालंय. मधली पट्टी दाबून खालची-वरची फुगवलेली असणार. जवारीचा (तार घोडीला निसटती टेकून उमटणारा) झंकार काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो, नेमका तोच पट्टा त्यात मागे सरतो. एकदा वेळ काढून मिरजेला सतारमेकरांकडे जवारी काढताना बघा, तुम्हाला तर हाकेच्या अंतरावर आहे. घोडी कानशीनं घासून तार किती टेकवायची ते ठरवतात, मग खाली सुताचा दोरा सरकवत झंकार जुळवतात. कुणाला खुली हवी असते, कुणाला गोल. कुठली बरोबर असं तिथे कुणी विचारत नाही, "कुणासाठी?" एवढंच विचारतात.

तेव्हा रियाजाला एचडी ६००, काहीही न वाढवता. त्याची पाठ उघडी असल्यानं स्वतःचा आवाज बाहेरून ऐकू येतो. बंद हेडफोन घालून गायलात तर तो कवटीत घुमतो आणि सुराचा अंदाज चुकतो. तबल्यासकट मैफल ऐकताना शेल्फ लावा. रंग भरायचाच तर असा भरावा की हवा तेव्हा पुसता येईल. वायरलेसवाल्यानं तो आतच भाजून दिलाय. आणि घरी स्वतःचं गाणं माइकवर रेकॉर्ड करणार असाल तर तेवढ्यापुरता मात्र बंदच हेडफोन घाला, नाहीतर ॲपचा तानपुरा माइकमध्ये गळेल.

तबकडीवाला:
मास्तर, अर्धं पटलं. मी बेळगावचा, ७८ आरपीएमच्या तबकड्या जमवतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (मिरजेचा विषय निघालाच आहे) यांचं १९३०च्या दशकातलं ध्वनिमुद्रण घ्या. पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर त्यात गाणं जवळजवळ नाहीच, आहे ती सुईची खरखर. उजळ हेडफोन ती खरखर इमानेइतबारे दाखवतो. मला तो इमानदारपणा नको आहे. माझा जुना हेडफोन वरून मंद आहे, मधे उबदार आहे, आणि खाँसाहेब त्यात समोर बसून गातात. इक्वलायझर वगैरे मला जमत नाही, आणि दर गाण्याला नॉब फिरवत बसलो तर ऐकणार कधी? तीन मिनिटांत तबकडी संपते.

ताई, तुम्ही दोन्ही ठेवा. गाण्याप्रमाणे हेडफोन बदला.

आलेख_बघा:
काका, हार्मनच्याच चाचण्यांत पंचावन्नच्या पुढच्या लोकांनी बेस कमी आणि ट्रेबल जास्त पसंत केला होता. वयानं वरचं ऐकू येणं कमी होतं म्हणून असावं. तुम्ही उलटे.

तबकडीवाला:
आमच्या घरात हे तुमच्या हार्मनच्या आधीपासून माहीत आहे.

वारणाकाठ:
सगळ्यांचे आभार. लॅपटॉपवर +४ लावून पाहिलं. डग्गा आला! छातीत नाही, पण मांडीपर्यंत तरी आला. एका पुरुष गायकाच्या मंद्र आलापीत मात्र जरा गढूळ वाटलं, आणि पेटीचा डावीकडचा भाग जड झाला. +३वर दोन्ही जमतंय असं वाटतं.

अजून एक कोडं. तोच जुना वायरलेस मी घातला की डग्गा आधीइतका घुमत नाही, ह्यांना मात्र अजून घुमतो म्हणे. आणि पहाटे एचडी ६००वर ऐकताना शेल्फ लावूनही तबला पुन्हा पातळ वाटतो, संध्याकाळी ठीक. हे माझ्या मनाचे खेळ का?

फेडरमास्तर:
चष्मा लागलाय का हल्ली? बंद हेडफोनची गादी काडीवर बसली की फट राहते आणि खर्ज तिथून निसटतो. घुमणं सगळं त्या बंदपणावर अवलंबून असतं. बारीक काडीचा चष्मा घेतलात तर फरक पडेल. एचडी ६००ला मुळातच हवा खेळती असल्यानं त्याला चष्म्याचा त्रास बराच कमी.

पहाटेचं कोडं त्याहून जुनं आहे. पहाटे तुम्ही आवाज हळू ठेवत असणार. आवाज जितका हळू तितका आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून ठेवलंय. आम्ही ८० डेसिबलच्या आसपास ऐकत मिक्स करतो, तुम्ही तेच ५५वर ऐकलंत तर डग्गा सगळ्यात आधी बारीक होणार. म्हणून जुन्या अँप्लिफायरवर लाउडनेसचं बटण असायचं. पहाटेसाठी +५ किंवा +६चं वेगळं प्रीसेट करून ठेवा. इतक्या हळू आवाजाला डिस्टॉर्शनची धास्ती नको. फक्त प्रीअँपही तेवढाच खाली घ्या.

वारणाकाठ:
चष्मा लागलाय, जाड काडीचा. आणि सासूबाई साडेसहापर्यंत झोपलेल्या असतात, त्यामुळे आवाज हळूच. दोन प्रीसेट केलेत. भावाला धागा पाठवलाय, तो म्हणतोय +६ लावणार असशील तर हेडफोन मला दे.