टोकाय सहल: व्हॅन की ट्रेन, आज रात्रीपर्यंत ठरवा

मेधा (सहल समिती):
मंडळी, बुडापेस्टहून टोकाय या वाइनच्या गावी जायची यादी अठरावर गेली. नंदूदादांनी नऊ सीटच्या दोन व्हॅन सांगून ठेवल्यात, म्हणजे चालक धरून बरोबर अठरा. पण दिवसभर कोरडं राहून गाडी चालवायला अजून एकानेही हात वर केलेला नाही. एगरच्या सहलीच्या वेळचा घोळ पुन्हा नको. दोन नावं द्या, नाहीतर व्हॅन रद्द. कोजागिरीच्या दुधाचा विषय इथे काढू नका, त्याची मेल वेगळी आहे.

नंदूदादा:
रद्द कशाला लगेच? नऊ सीटर साध्या बी लायसन्सवर चालते. एम३ महामार्गाने निघायचं, मिश्कोल्त्सकडे एम३०, मग ३७ने सेरेंच आणि ३८ने तार्त्सालवरून टोकाय. अंतर २३० किमीच्या आसपास. चालकाने वाइन तोंडात घोळवून थुंकायची, टेबलावर भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं.

प्रसाद:
दादा, थुंकून भागणार नाही. हंगेरीत चालकाला मर्यादा शून्य आहे, ऑस्ट्रियातली रक्तात ०.५ प्रति हजार अल्कोहोलची सवलत इथे नाही. थुंकलं तरी थोडी पोटात जातेच. शिवाय सहा वाइन अर्धा-अर्धा डेसिलिटर धरल्या तरी माणशी ३०० मिली होतात. आणि आसू, म्हणजे टोकायची ती गोड वाइन, समोर आल्यावर ती थुंकणारा मराठी माणूस मला दाखवा.

दुसरं म्हणजे ई-मात्रित्सा, महामार्गाचा ऑनलाइन टोल पास. नऊ सीटरला डी१ चालत नाही. डी१ चालकासह सात माणसांपर्यंतच्या गाडीला. नऊ सीटला डी२, किंमत साधारण दीडपट. आत चारच जण बसले तरी डी२च. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, चुकीचा वर्ग असेल तर फरकाचा दंड येतो, आणि भाड्याच्या गाडीवर कंपनी त्यावर आपलं शुल्क चढवते. त्याच दिवशी परतायचं असेल तर एक दिवसाची मात्रित्सा पुरते. घेताना नंबरातला शून्य आणि ‘ओ’ नीट बघायचा.

माझं मत ट्रेन. केलेती स्टेशनहून इंटरसिटी, सेरेंचवरून, अडीच तासांच्या आसपास. जागेचं आरक्षण तिकिटाबरोबरच करायचं. २३ ऑक्टोबरच्या सुट्टीला लागून शनिवार-रविवार आला तर अठरा जागा एका डब्यात मिळणं विसरा. स्टेशन गावाबाहेर आहे, पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं.

अविनाश (खजिनदार):
व्हॅनची अनामत मंडळाच्या खात्यातून गेलेली नाही आणि मी मंजुरीही दिलेली नाही, एवढं नोंदवून ठेवतो. पैसे माझ्याकडेच जमा करा, परस्पर कुणाला देऊ नका.

केतकी:
पण मग शेजारच्या माद गावाचं काय? चांगले वाइनवाले तिथेच आहेत. १७९५चं सिनेगॉगही बघायचं होतं. टोकाय गावात दिवसभर बसून करायचं काय?

प्रसाद:
केतकी, माद दुसऱ्या फाट्यावर आहे, सेरेंचहून शातोरोल्योउय्हेयकडे जाणाऱ्या. टोकायहून तिथे रेल्वेने जायचं तर गाडी बदलावी लागते, त्यात अर्धा दिवस जाईल. एका दिवसात दोन्ही कोंबू नका.

टोकायमध्ये बघण्यासारखं भरपूर आहे. बोद्रोग तिसाला मिळते तो संगम अगदी गावाला लागून आहे, आणि या वाइनचं सगळं गणित तिथेच. शरद ऋतूत पहाटे नदीवरून धुकं चढतं, दुपारी ऊन पडतं. ओलाव्याने द्राक्षावर बोट्रायटिस बुरशी बसते, उन्हाने फळ सुकून मनुक्यासारखं होतं. नुसता ओलावा राहिला तर घड कुजतो, नुसतं ऊन राहिलं तर बुरशीच धरत नाही. म्हणून आसू दरवर्षी सारखी होत नाही.

राकोत्सी हे वाइनचं तळघर गावातच आहे. आत १०–१२ अंश, स्वेटर सगळ्यांना सक्तीचा. भिंतीवरची काळी मऊ बुरशी बोटांनी खरवडू नका, मुलांनाही सांगून ठेवा. ती पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर जगते आणि तळघरवाले तिला जपतात. ऑक्टोबरात तोडणी चालू असते, त्यामुळे छोट्या वाइनवाल्यांकडे न कळवता गेलात तर दार बंद दिसेल. आधी मेल करा, माणसांचा नेमका आकडा द्या.

शुभाकाकू:
धुकं राहू दे, जेवायचं काय ते सांगा. आम्ही सहा जण शाकाहारी. तूरोश चुसा (चीज घातलेल्या नूडल्स) मागवताना सालोन्नाशिवाय असं आधीच सांगायला हवं, नाहीतर पनीरसारख्या चीजवर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पेरून येतात. मशरूम पर्कल्ट, म्हणजे मशरूमचा रस्सा, नावाला शाकाहारी, पण कांदा बऱ्याचदा चरबीतच परततात. बाबलेवेश सुपात घेवडा असला तरी स्मोक्ड मांसही असतं. तळलेलं चीज त्यातल्या त्यात बिनधोक, पण तेल कुठलं ते विचारा. चाखण्याआधी पोटात काहीतरी हवं, म्हणून मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणते. पोगाचाच्या (इथल्या खारट बिस्किटांच्या) भरवशावर राहू नका, त्यातही चरबी असू शकते.

नंदूदादा:
बरं, व्हॅन सोडतो. पण पुण्याला बाटल्या न्यायच्या आहेत. ३ पुत्तोन्योश आसू (हा गोडीचा आकडा) स्वस्तात मिळते का?

प्रसाद:
३ आणि ४ चे आकडे २०१३च्या पिकापासून बंद झाले, दिसलीच तर जुनी बाटली. आता आसूला लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर लागते, ६ लिहायचं तर १५०. पूर्वी १३६ लिटरच्या गॉन्त्सी पिंपात २५ किलोच्या किती टोपल्या सुकलेलं आसू फळ घातलं त्यावरून तो आकडा यायचा. एसेन्सिया, म्हणजे आसू फळातून आपोआप गळणाऱ्या रसाची, घेऊ नका, तिला किमान ४५० ग्रॅम साखर, चमच्याने चाखायची गोष्ट ती, आणि खिसा रिकामा होतो.

आसूची बाटली सहसा अर्ध्या लिटरची असते. भारतात माणशी २ लिटरच शुल्कमुक्त, म्हणजे चार बाटल्या. चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. बजेट कमी असेल तर सामोरोद्नी (फळं न निवडता अख्ख्या घडांची वाइन) घ्या, पण लेबलवर ‘एदेश’, म्हणजे गोड, हवं. ‘सारझ’ लिहिलेली कोरडी असते, शेरीसारखी लागते. पुण्यात उघडली की सगळे म्हणतील, खराब झाली.

मेधा:
मग ट्रेन. सहा जणांचं जेवण मी आधी कळवते. केतकी, माद वसंतात. अविनाश, तिकिटं आजच काढायची का?

अविनाश:
अकरा जणांचे पैसे आलेत. अकराच काढतो.